परीक्षा कोणासाठी द्यायची?



आपण शेवटची परीक्षा केव्हा दिली होती ते क्षणभर आठवून पाहा. शाळेची असेल, महाविद्यालयाची असेल, नोकरीतल्या बढतीची असेल. त्या वेळी जे पाठ केले होते, त्यातले आज किती आठवते? आणि आठवत नसेल, तर त्यामुळे कोणाचे काही बिघडले का?

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्यासारखे बहुतेक विद्यार्थी कसा अभ्यास करतात हे सांगायला नको. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, त्यांतले 'आयएमपी' प्रश्न, आदल्या रात्री गाईड, आणि पेपर संपल्यावर जिन्यातच सगळे विसरून जाणे. यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नव्हते. परीक्षा माझी, गुण माझे आणि विसरले तर नुकसानही माझेच, असा माझा सरळ हिशेब होता.

हा हिशेब गेल्या वर्षी चुकला. त्याचे निमित्त झाले माझ्या मावसभावाच्या परीक्षेचे.

तो इंदूरला असतो. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये रुग्णासोबत जो प्रशिक्षित मदतनीस असतो, त्याला 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन' म्हणतात. त्या प्रमाणपत्राची तो तयारी करत होता. पुस्तके इंग्रजीत, शिकवणे हिंदीत आणि घरात बोलणे मराठीत. मी आपल्या संकेतस्थळासाठी भाषांतराची सेवा करते हे त्याला माहीत होते. म्हणून तो म्हणाला, "ताई, रोज रात्री फोनवर माझा अभ्यास घेशील का? मराठीत समजून घेतले की डोक्यात बसते." मी हो म्हटले. पुढचे चार महिने मी प्रश्न विचारत होते आणि तो उत्तरे देत होता. पण त्या काळात जास्त कोण शिकले, हे आज सांगता येणार नाही.

अनोळखी चेहरा

सुरुवात झाली सीपीआरपासून. माणसाचे हृदय अचानक थांबले तर छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाब द्यायचा. प्रौढ व्यक्तीमध्ये छाती किमान 5 सेंटिमीटर खाली जायला हवी, पण 6 पेक्षा जास्त नको. 30 दाब, मग 2 श्वास, पुन्हा 30 दाब. मधला खंड 10 सेकंदांपेक्षा मोठा होता कामा नये. हे सगळे मॅनिकिनवर, म्हणजे माणसाच्या आकाराच्या बाहुलीवर शिकवतात.

या बाहुलीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नॉर्वेमध्ये आस्मुंड लेर्दाल नावाचे खेळणी बनवणारे उद्योजक होते. त्यांनी 1960 मध्ये सीपीआर शिकवण्यासाठी पहिली बाहुली तयार केली. तिला चेहरा कोणाचा द्यायचा? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सीन नदीत एका तरुण मुलीचा मृतदेह सापडला, तिची ओळख पटली नाही आणि तिच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा मुखवटा बनवला गेला, अशी एक कथा आहे. ती कितपत खरी यावर वाद आहेत. पण तो शांत मुखवटा युरोपातल्या अनेक घरांच्या भिंतींवर लागला होता आणि लेर्दाल यांनी बाहुलीला तोच चेहरा दिला. आज जगभर लाखो लोक त्या चेहऱ्यावर वाकून श्वास द्यायला शिकले आहेत. तिचे नाव कोणालाच ठाऊक नाही.

हे वाचले त्या रात्री मी भावाला सहज विचारले, "तू हे कोणासाठी शिकतो आहेस?" तो म्हणाला, "नोकरीसाठी." मग थोडा थांबून म्हणाला, "आणि जो कोणी असेल त्याच्यासाठी. तो कोण असेल हे मला कुठे माहीत आहे?"

वाचकहो, आपण सेवेबद्दल बोलतो तेव्हा बहुधा समोर कोणीतरी असते. भुकेल्याला अन्न देतो, वृद्धाचा हात धरतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान आपल्याला लगेच दिसते. पण अभ्यास ही अशी सेवा आहे की जिचा लाभार्थी अजून आपल्यासमोर आलेला नाही. कदाचित तो आत्ता आपल्या घरी जेवत असेल, मुलांशी हसत असेल. दोन वर्षांनी एका रात्री त्याला तुमची गरज पडणार आहे हे त्याला माहीत नाही, तुम्हालाही नाही. त्या रात्री तुम्ही काय करू शकाल, हे मात्र आज टेबलाशी बसून तुम्ही कसा अभ्यास करता त्यावर ठरते आहे.

इच्छा सोडायची म्हणजे काय?

एकदा त्याने मला अडचणीत टाकले. सत्संगात आपण निष्काम कर्माविषयी नेहमी ऐकतो. कर्म आपल्या हाती, फळ नाही. तो म्हणाला, "ताई, परीक्षेच्या निकालाबद्दल हे मला पटते. पण समोर माणूस मरत असेल तर फळाची इच्छा कशी सोडू? तो जगावा एवढीच तर इच्छा असते. ती सोडली तर मी दगड नाही का होणार?"

मला उत्तर देता आले नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न कधीतरी आला असेल. आजारी आईची सेवा करताना, मुलाच्या शिक्षणासाठी राबताना आपण म्हणतो की फळाची अपेक्षा नाही. पण मन ऐकते का?

उत्तर त्यालाच मिळाले, वर्गातल्या सरावात. प्रशिक्षकांनी एका विद्यार्थ्याला रुग्णाच्या नातेवाइकाचे सोंग करायला सांगितले होते. माझा भाऊ बाहुलीवर दाब देत होता आणि तो 'नातेवाईक' शेजारी बसून आक्रोश करत होता. "वाचवा, काहीतरी करा, लवकर करा!" दोन मिनिटांनी प्रशिक्षकांनी थांबवले आणि सांगितले, "तुझा वेग 120 च्या वर गेला होता. खोली कमी झाली होती. आणि तू छातीला वर येऊ देतच नव्हतास."

छातीवर दाब दिला की रक्त पुढे ढकलले जाते. पण दाब सोडल्यावर छाती पूर्ण वर आली तरच हृदयात पुन्हा रक्त भरते. जो नुसता दाबत राहतो आणि सोडत नाही, तो रिकाम्या हृदयावर दाब देत राहतो. म्हणजे 'हा जगलाच पाहिजे' या उतावीळपणाने त्याने जे केले, त्याने जगण्याची शक्यताच कमी झाली असती.

त्या रात्री तो म्हणाला, "इच्छा होतीच, ताई. ती चुकीची नव्हती. पण ती हातात उतरली होती. हातात फक्त आकडे असायला हवे होते."

निष्कामतेचा इतका सोपा अर्थ मी यापूर्वी ऐकला नव्हता. तो जगावा ही इच्छा हृदयात असू द्या, ती करुणाच आहे. पण लक्ष असले पाहिजे या क्षणाच्या कृतीवर: एक, दोन, तीन, चार. फळाचा विचार कृतीच्या जागी येऊन बसला की कृती बिघडते आणि फळही जाते. अनासक्ती म्हणजे रुग्णाकडे पाठ फिरवणे नव्हे. स्वतःच्या घाबरलेल्या मनाकडे थोडा वेळ पाठ फिरवून पूर्णपणे रुग्णाचे होणे, ही अनासक्ती.

याच सरावातला आणखी एक नियम मला फार आवडला. दर 2 मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलायचा. का? कारण तो थकतो आणि आपण थकलो आहोत हे त्याला स्वतःला कळत नाही. तो म्हणतो, "मी करू शकतो." नियम म्हणतो, "बाजूला हो." अहंकार कमी करण्यासाठी आपण कितीतरी साधना करतो. इथे ती दर दोन मिनिटांनी करावी लागते, तीही दुसऱ्याच्या प्राणांसाठी.

आणि एवढे करूनही, रुग्णालयाबाहेर ज्यांचे हृदय थांबते त्यांतले बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. सगळे बरोबर केले तरी नाहीत. या क्षेत्रात येणाऱ्याला हे पहिल्यापासून ठाऊक असते. त्याच रात्री दुसरा फोन येतो आणि तिथे पुन्हा तितक्याच काळजीने जावे लागते. ज्याने स्वतःचे मोल फक्त निकालावर ठरवले, तो काही महिन्यांत मोडून पडेल, नाहीतर खरोखरच दगड होईल. ज्याने आपली कृती नीट करण्यावर मन ठेवले, तोच पुढच्या घराची पायरी ओलाव्याने चढू शकेल.

एक सही

आता मूळ प्रश्नाकडे येते.

या परीक्षेला बसण्यासाठी लॉगबुक भरावे लागते. प्रत्यक्ष रुग्णालयात आणि अ‍ॅम्ब्युलन्सवर कोणकोणते काम किती वेळा केले वा पाहिले, याच्या नोंदी आणि प्रत्येक नोंदीपुढे वरिष्ठांची सही. माझ्या भावाच्या बाकी नोंदी पूर्ण होत्या. प्रसूतीच्या नव्हत्या. तो जिथे सरावाला जात असे, तिथे मुलगा म्हणून त्याला लेबर रूमच्या बाहेरच थांबवत. कधी गर्दी, कधी नातेवाइकांचा संकोच, कधी "नंतर ये". यात त्याचा आळस नव्हता. तो रोज जाऊन दाराशी उभा राहत होता.

फॉर्म भरायची तारीख जवळ आली तेव्हा त्याच्याबरोबरच्या मुलांनी नोंदी लिहून सह्या घेतल्या. सही करणाऱ्यालाही त्यात काही गैर वाटले नाही. त्याला म्हणाले, "तूही आण, करून टाकू. कामावर लागलास की आपोआप शिकशील."

वाचकहो, घाईने निवाडा करू नका. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. फी भरलेली आहे. घरात मावशी वाट पाहते आहे. दार त्याने बंद केलेले नाही, ते त्याच्यासाठी बंद आहे. लेखी परीक्षेची त्याची तयारी चांगली आहे. आणि कामावर माणूस शिकतो, हेही खोटे नाही. मग एका सहीने काय बिघडणार होते?

त्याने मला विचारले, "तू काय करशील?" मी खरे सांगते, माझ्या तोंडावर "घे सही" असेच आले होते.

पण त्याच आठवड्यात आमचा नवजात बाळाचा धडा चालू होता. जन्मल्यावर बाळ रडले नाही, श्वास घेत नसेल, तर त्याला कोरडे करायचे, उब द्यायची, पाठ चोळायची. तरीही श्वास सुरू झाला नाही, तर मास्क आणि बॅगने श्वास द्यायला सुरुवात करायची, आणि हे सगळे जन्मानंतरच्या पहिल्या एका मिनिटात. पुस्तकात त्याला 'गोल्डन मिनिट' म्हणतात. आपल्या देशात 108 वर येणाऱ्या फोनांमध्ये प्रसूतीच्या फोनांचा वाटा मोठा असतो. काही बाळे रस्त्यातच, गाडीतच जन्माला येतात. म्हणजे ज्या पानावर खोटी सही होणार होती, ते काम त्याला करावे लागणारच होते. आणि 'आपोआप शिकशील' याचा अर्थ असा, की शिकण्याची किंमत पहिल्या बाळाने भरायची.

त्या बाळाच्या आईला लॉगबुक दिसणार नाही. गणवेश घातलेला, ओळखपत्र लावलेला माणूस समोर आला की ती विश्वास ठेवणार. दुसरा पर्यायच तिच्याकडे नाही. प्रमाणपत्र म्हणजे आपल्या हुशारीची पावती, असे आपण समजतो. खरे पाहता ते एका अनोळखी माणसाला आधीच दिलेले वचन असते, आणि ते खरे की खोटे हे तपासण्याची सोय त्या माणसाकडे नसते.

कर्णाची आठवण

महाभारतातील कर्णाची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. अस्त्रविद्येची दारे त्याच्यासाठी बंद होती, म्हणून खोटी ओळख सांगून तो परशुरामांकडे शिकला. खोटे उघड झाले तेव्हा शाप मिळाला: ऐन गरजेच्या वेळी ही विद्या तुला आठवणार नाही.

कर्णाबद्दल आपल्याला कळवळा वाटतो आणि तो वाटायलाच हवा. त्याच्यावर अन्याय झाला होता. दार बंद करणाऱ्यांचा दोष या कथेत पुसला जात नाही. तसाच माझ्या भावाला दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा दोषही पुसला जात नाही. पण अन्याय सोसूनही कर्णाने विद्या खरोखर मिळवली होती, घाम गाळून मिळवली होती. आपण तर पुष्कळदा विद्या न मिळवताच फक्त तिची ओळख मिळवायला बघतो. मग ऐन वेळी ती आठवावी कशी? त्यासाठी शापाचीही गरज नाही. जे आत कधी गेलेच नाही, ते बाहेर येणार नाही.

माझ्या भावाने सही घेतली नाही. त्या वेळच्या परीक्षेला तो बसला नाही. हे सांगायला सोपे आहे, पण त्याची किंमत होती. बरोबरच्या दोघांना नोकऱ्या लागल्या. मावशी काही दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. मलाही तिने ऐकवले, "तूच त्याच्या डोक्यात हे भरवलेस." तो पुन्हा वरिष्ठांकडे गेला आणि त्याने रात्रपाळी मागून घेतली. एका अनुभवी सिस्टरबाईंना आपली अडचण सांगितली. त्यांनी बाळंतिणींची आणि घरच्यांची परवानगी घेऊन त्याला आत उभे केले. जे दार तक्रारीने उघडले नव्हते, ते एका माणसाच्या मनाने उघडले.

पहिली प्रसूती पाहिल्यावर त्याने पहाटे पाच वाजता मला फोन केला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बाळ लगेच रडले, ताई. मला काहीच करावे लागले नाही. पण मी मोजत होतो."

आपल्या परीक्षा

तुम्ही म्हणाल, हे जीवन-मरणाचे क्षेत्र आहे. आमच्या कामात असे काय आहे?

मलाही असेच वाटत होते. माझ्या विषयात चूक झाली तर ताळेबंद जुळत नाही, पुन्हा बसून जुळवता येतो. पण लेखापरीक्षकाची सही ज्या कागदावर असते, त्यावर भरवसा ठेवून कोणी निवृत्त शिक्षक आपली पुंजी गुंतवतो. त्याने त्या लेखापरीक्षकाला कधी पाहिलेले नसते. स्वयंपाकी, वायरमन, चालक, शिक्षक, आपल्या प्रत्येकाच्या कामाच्या पलीकडच्या टोकाला असा एक न दिसणारा माणूस विश्वास ठेवून बसलेला असतो.

मी स्वतःचाच एक कागद पुन्हा काढला. याच संकेतस्थळासाठी केलेल्या एका लेखात एक परिच्छेद मला नीट कळला नव्हता. शब्दाला शब्द लावून मी पुढे सरकले होते. कोणाच्या लक्षात आले नव्हते. पण तुम्ही वाचक तो विश्वासाने वाचत होता. मी मूळ लेख पुन्हा वाचला, ज्येष्ठ साधकांना विचारले आणि तो परिच्छेद नव्याने केला. फरक दोन-तीन वाक्यांचाच पडला. पण त्या रात्री झोप वेगळी लागली.

आणि शिकणे एकदाच संपत नाही. 'बेसिक लाइफ सपोर्ट'च्या प्रशिक्षणाचे कार्ड साधारण 2 वर्षांपुरतेच असते. सराव नसेल तर हातातले कौशल्य काही महिन्यांतच मंद होऊ लागते, म्हणून पुन्हा शिकावे लागते. आपल्या साधनेचेही तसेच आहे. दहा वर्षांपूर्वी शिबिरात मिळालेली शांती आज रागाच्या क्षणी उपयोगी पडेलच असे नाही. काल ध्यानाला बसलो होतो का, यावर ते जास्त अवलंबून आहे.

या आठवड्यासाठी

वाचून सोडून देण्यापेक्षा तीन छोट्या गोष्टी करून पाहू या.

पहिली: रोज अभ्यासाला किंवा कामाला बसण्यापूर्वी एक मिनिट डोळे मिटा. या कामाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या अनोळखी माणसाला मनात आणा. त्याला नमस्कार करून कामाला लागा.

दुसरी: न शिकता, न तपासता, न समजता आपण कुठे 'सही' केली आहे का, ते प्रामाणिकपणे आठवा. एक तरी जागा सापडेल. स्वतःला दोष देत बसू नका. ती जागा भरून काढायला सुरुवात करा.

तिसरी: सीपीआर प्रत्यक्ष शिकून घ्या. वाचून ते येत नाही, एखाद्या प्रशिक्षकासमोर बाहुलीवर हात ठेवूनच येते. रस्त्यावर जखमी दिसला तर पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केले आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे.

माझ्या भावाने गेल्या महिन्यात परीक्षा दिली. मी हे लिहीत असताना निकाल लागलेला नाही. काल मी विचारले, "काळजी वाटते का?" तो म्हणाला, "वाटते ना. पण आज रात्रपाळी आहे. बॅग तपासायची आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर बघायचा आहे."

निकाल लागेल तेव्हा लागेल. त्याची परीक्षा सुरू झालेली आहे. आपलीही.